माझ्या वाट्याची तीन मिनिटं

रत्नागिरी,
९ सप्टेंबर २०२५

चि. गुरू,

आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पाकीट तरी फोडशील.

माझी तब्येत बरी आहे. गणपतीला तुम्ही कोणी आला नाहीत. सवयीने तुमच्याही वाटणीचे मोदक केले, ते वाडीत देऊन टाकले. संस्कृतीची नर्सिंगची शेवटची परीक्षा डिसेंबरात आहे.

तुमच्या कंपनीचा फिरता दवाखाना दर मंगळवारी येतो. ती गाडी तू मिळवून दिलीस हे गावात सगळे जाणतात. उद्घाटनाचा नारळ मी फोडला होता आणि भाऊ माझा म्हणून मिरवलेही होते.

सखू आठवते ना, खाडीत कालवं काढणारी? तिच्या आईने तुला पोहायला शिकवलं. मार्चमध्ये सखू गाडीपाशी भेटली. दोन्ही पाय घोट्यापर्यंत सोललेले. डॉक्टरांनी मलम दिलं होतं. मी म्हटलं, "आता बरं वाटेल हो." तर म्हणाली, "मलम दिलानी, बरा केलानी. पण बाय, पाय परत त्याच पाण्यात घालायचे ना?"

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. हा प्रश्न मला आधी पडला नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. पडला होता. तुझ्या भावजींनी तुमच्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते, ते गेल्यावर माझ्या नावावर झाले. दर वर्षी लाभांश येतो. संस्कृतीची फी त्यातूनच जाते. ज्या कारखान्याच्या पाण्याने सखूचे पाय सोलले, त्याच्याच पैशावर माझी मुलगी नर्स होते आहे. म्हणून मी तो प्रश्न बाजूला सारत आले.

मग ओहोटीला कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन तीनदा पाणी भरलं, सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घेतलं. तिन्ही वेळा दूषित निघालं. अहवाल एप्रिलमध्ये तुला पाठवला. तू म्हणालास, "ताई, गावाला गाडी मिळाली ना? आता या भानगडीत पडू नको. माझी नोकरी आहे ती."

मी गप्प बसले. जुलैत वार्षिक सभेची नोटीस येईपर्यंत.

माझी मैत्रीण हाजरा, बँकेतून निवृत्त झालेली, म्हणाली, "विकून टाक ते शेअर आणि मोकळी हो." मी दोन दिवस विचार केला. विकले तर दुसरं कोणी घेईल, नाला वाहतच राहील, आणि मला तिथे तोंड उघडायचाही हक्क उरणार नाही. म्हणून ठेवले. वार्षिक सभेत बोलायला नाव नोंदवलं. चौदा ऑगस्टला सभा होती, घरून ऑनलाइन बोलता येत होतं; हाजराने तिच्या घरी कॉम्प्युटर लावून दिला. सखूला मी शेजारी बसवून घेतलं.

प्रत्येकाला तीन मिनिटं होती. अध्यक्षांच्या मागच्या रांगेत तू दिसत होतास. मी अहवालातले आकडे वाचले. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या भागात आम्ही फिरता दवाखाना दिला आहे."

मी म्हटलं, "गाडी चांगली आहे, साहेब. पण ती ज्या दुखण्यावर मलम देते, ते दुखणं तुमच्या नाल्यातून येतं. गाडी चालू ठेवा. आधी नाला बंद करा."

सखूने माझा हात घट्ट धरला होता. तेवढ्यात पेन्शन फंडाच्या प्रतिनिधी बाईंनी विचारलं, "हा अहवाल कंपनीत कुणाला दिला होता का?"

गुरू, तू तिथेच होतास, सगळं ऐकलंस. तरी हे मला माझ्या हाताने लिहायला हवं. "कंपनीला कळवलं होतं," एवढं म्हणून भागलं असतं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. तू मान खाली घातलीस. आणि मी म्हटलं, "हो. गुरुप्रसाद शितप यांना. ते माझे धाकटे भाऊ आहेत."

त्या बाईंच्या फंडाचे शेअर माझ्यासारखे चिमूटभर नाहीत. त्यांनी हट्ट धरला आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी ठरली. पंधरा दिवस झाले, नाला बंद आहे. सखू रोज जाऊन बघते. तुला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे, हे तुझ्या बायकोने, नम्रताने, फोनवर सांगितलं. त्या दिवशी मला अन्न गेलं नाही. आपण चुकलो असं मात्र एकदाही वाटलं नाही.

नम्रताने आणखी एक सांगितलं. तू तो अहवाल दोनदा लेखी वर पाठवलास आणि तुला गप्प बसायला सांगितलं गेलं. मला का नाही बोललास? मी तुला भित्रा समजत राहिले.

तपासणीवाले बावीस तारखेला तुमच्या पुण्याच्या ऑफिसात येत आहेत. ती दोन्ही पत्रं त्यांच्यासमोर ठेव. वरचे लोक सगळं तुझ्यावर ढकलून मोकळे होतील, ते होऊ देऊ नको. मी आदल्या दिवशी पुण्याला येते. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन, पण तुझ्याबरोबर तिथे येईनच.

शेअर मी विकणार नाही. यापुढचा लाभांश दर महिन्याच्या पाणी तपासणीला जाईल, संस्कृतीनेच तसं सुचवलं. पुढच्या वर्षीही सभेत बोलायला नाव देणार आहे.

रागावलास तर रागाव. पत्रं मात्र जपून ठेव.

भरल्या सभेत तुझं नाव घेतलेली, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा घेणारी,

तुझी ताई,
ज्ञानेश्वरी