चार पानांचं कोरियन संशोधन

२ जानेवारी
प्राचार्यबाईंनी १४ मार्चला संगीतशाळेचा हॉल दिला. चाळीस मिनिटं, एकटा मी. अकरा वर्षांनी स्टेजवर. मागच्या वेळी मधेच थांबून खाली उतरलो होतो, ते क्लॅरिनेटची रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, चिरल्यामुळे. बायकोला ते वेगळं आठवतं. निवड पक्की: एका आधुनिक कोरियन संगीतकाराची क्लॅरिनेटसाठीची रचना. चार पानं, नऊ मिनिटं, साथीला कुणी नाही. इथे ती कुणीच ऐकलेली नाही, त्यामुळे चुका काढायलाही कुणी नाही. (निवडीचं कारण हे नव्हे.) उद्यापासून रोज दोन तास रियाज.

३ जानेवारी
रियाज नाही. संगीतकार समजून न घेता नुसती बोटं चालवणं हा अडाणीपणा. आधी संशोधन.

११ जानेवारी
लायब्ररीतून पाच पुस्तकं आणली. चार रंगांची पेनं. बायकोने विचारलं, क्लॅरिनेटची पेटी उघडलीस का. म्हटलं, पाया पक्का करतोय. ती बरं म्हणाली. तिचं हे 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.

२० जानेवारी
कोरियन लिपी शिकतोय. संगीतकाराचं नाव सहा मिनिटांत वाचलं. मुलीने दाखवलं, तेच खाली इंग्रजीत छापलंय. या पिढीला मुळाशी जायचंच नसतं.

२९ जानेवारी, सकाळी ७
मोठा शोध. दुसऱ्या पानावर एक स्वर एकोणीस मात्रा धरायचाय, मधे श्वास न घेता. हा दुभंगलेल्या देशाने रोखून धरलेला श्वास आहे. एका बैठकीत सहा पानं लिहिली.

सकाळी ९
वाजवून पाहिला. सात मात्रा. रीड जुनी आहे.

७ फेब्रुवारी
संगीतकारालाच ईमेल केली. 'डिअर सर', आणि सत्तावीस प्रश्न.

१६ फेब्रुवारी
उत्तर आलं. पाच ओळी. सर नाहीत, बाई आहेत. तो स्वर नऊ मात्रांचा, एकोणीस ही छपाईतली चूक. दम लागेल तिथे श्वास घ्या म्हणतात. रचना सुचली बहिणीच्या जुळ्यांना झोपवताना. शेवटी विचारलंय, वाजवताना कुठे अडतंय?
कलावंताला स्वतःचं सगळंच कळतं असं नाही. सहा पानं ठेवतोय.

२ मार्च
रियाज सुरू. दहा मिनिटांत क्लॅरिनेट फुसफुसायला लागली. दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने विचारलं, शेवटची कधी वाजवली होती. अधूनमधून, म्हणालो. त्याने भोक झाकणारं एक पॅड काढून हातावर ठेवलं. बिस्किटासारखा चुरा झाला. म्हणाला, चार दिवस लागतील. हे चार दिवस वादनाआधीच्या भाषणाला.

१० मार्च
भाषण बावीस पानं झालं. रियाज एकूण तीन तास, पुसणं-बिसणं धरून. बायको म्हणाली, आधी वाजव, मग बोल. हौशी लोकांचे सल्ले.

१४ मार्च
श्रोते अकरा. भाषण रंगलं. छत्तिसाव्या मिनिटाला प्राचार्यबाई घड्याळ दाखवत उभ्या राहिल्या. उरलेल्या वेळात पहिलं पान वाजवलं. लोक उठले. क्षणभर वाटलं, आदराने. मग चपलांचे आवाज आले.

हॉल रिकामा झाला. शेवटच्या रांगेत तेवढा दुरुस्तीवाला बसून होता. मी पेटी उघडली, क्लॅरिनेट आत ठेवायला. बायको स्टेजवर आली. स्टँडवरची माझी बावीस पानं उचलून तिने खुर्चीवर ठेवली आणि रचनेचं दुसरं पान समोर लावलं.

"आता वाजव," ती म्हणाली.

हात कापत होते. अकरा वर्षांपूर्वीही असेच कापत होते. रीड चांगली होती. वाजवलं. दुसऱ्या पानावर घसरलो, तिसऱ्यावर दोन ओळी गाळल्या, दम लागला तिथे श्वास घेतला. चौथं पान संपलं तेव्हा बायको पहिल्या रांगेत बसलेली होती.

दुरुस्तीवाला डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत होता. इतकं मन लावून मला आजवर कुणी ऐकलं नसेल. मी खाली उतरून त्याच्यापाशी गेलो. म्हणालो, मोकळेपणाने सांगा.

म्हणाला, "खालच्या जोडातून हवा जातेय. सोमवारी घेऊन या."