दप्तराला शिवलेली कंपासपेटी

गोंदिया,
ता. १० ऑगस्ट २०२५ (खालचा अर्धा भाग ता. १९ ला)

ती. स्व. मामाजींस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मामीजी ऐकून गल्लीभर वाटतात, म्हणून पत्र लिहून राहिली आहे. हे तुमच्यापुरतंच ठेवा.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे येताना नववीच्या पेपरांचा गठ्ठा मी गाडीत विसरली, ते तुम्हाला माहीत आहे. सालेकसा आलं, मी घाईनं उतरली आणि पेपर वरच्या फळीवर बसून डोंगरगडला गेले. अजून कोणी आणून दिले नाहीत. मुलांची परीक्षा पुन्हा घेतली. मुख्याध्यापक ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले की पुन्हा असं झालं तर संस्थेला लेखी कळवावं लागेल. खासगी शाळेत कच्च्या नोकरीवरच्या बाईला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

(आज १९ तारीख. पत्र कपड्यांच्या घडीत सापडलं.)

मग मी नागपूरला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी दोन तास बसवून विचारलं. त्याला एडीएचडी म्हणतात. लहानपणापासून असतं, बायकांच्या बाबतीत पुष्कळदा मोठेपणीच ध्यानात येतं. आळस नाही, बेपर्वाई नाही, लक्षाचा लगामच सैल असतो. त्यावर गोळी आहे. पण गोळी सुरू करण्याआधी, मी लहानपणी कशी होती हे घरच्या कोणाकडून तरी त्यांना ऐकायचं होतं. म्हणून आईला नेलं.

आणि मामाजी, तुमच्या बहिणीनं काय करावं? जणू मुलाकडची मंडळी मला पाहायला आली आहेत अशी उत्तरं दिली. पोरगी शांत, घरकामात चोख, कधी वस्तू हरवली नाही, कधी उलट बोलली नाही. स्वेटरसुद्धा विणते म्हणाली. मी आयुष्यात सुई धरली नाही! बाई हसल्या आणि म्हणाल्या की लहानपणचं खरं सांगणारं आणखी कोणी आहे का.

तुम्ही आहात. सातवीपर्यंत मी अर्धी तुमच्या शिलाई मशीनखालीच वाढली. त्यांना चार ओळी लिहून द्याल का? आणि गोळी घ्यावी की नाही, तुम्हाला काय वाटतं तेही कळवा. घरी यांचं आणि आईचं "नाही" ठरलेलं आहे. माझंच ठरत नाही.

मामीजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
चेतना

*

सालेकसा,
ता. २६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. चेतना हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तिकीट नव्हतं, पोस्टमनने माझ्याकडून दंड घेतला आणि तुझी तब्येत विचारली. इकडे धानाचं रोवणं आटोपलं. तुझी मामी खुशाल आहे, मी पत्र लपवलं म्हणून तेवढी फुगून बसली आहे.

सुशिलाबाईनं स्वेटर विणायला लावला हे वाचून मी एकटाच हसलो. पण बेटा, तिचं मला समजतं. परक्या माणसासमोर आपल्या लेकीचं उणं कोण काढेल? तू मलाही तेच करायला सांगून राहिली. मी चौथी शिकलेला दर्जी, नाटकांची पुस्तकं चाचपडत वाचायला शिकलो. माझं पहिलं अर्जवजा लेखन भाचीच्या तक्रारीचं व्हावं, हे मला पटत नाही. हात धजत नाही.

आणि गोळीचं म्हणशील तर काऊन एवढी घाई? तू लहानपणी कंपासपेटी हरवायची. मी काय केलं? पेटीला भोक पाडून दोरा ओवला आणि दप्तराला शिवून टाकली. टोपी शिवली, रुमाल शिवला, छत्रीला नाडी लावली. झालं की नाही काम? तसंच आताही कर. कामांची यादी भिंतीला लाव. पहाटे उठ. बदाम भिजवून खा. डोक्यावर थोडं तेल चोळ. तुझ्यासारखी हुशार पोरगी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटकात उभी राहिली की गाव पोट धरून हसतं, तिला डोक्याची गोळी कायले पाहिजे?

तुझ्या लेकीला, प्रेरणाला माझा पापा. यंदाच्या नाटकात सासूचं काम तुझंच आहे, पाठ करायला लाग. मामाची माया आहे तिथेच आहे, खुंटीवर टांगलेली. केव्हाही काढून घे.

तुझा मामा,
शालीकराम

*

गोंदिया,
ता. २७ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामाजींस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडली. मग राग आला. मग भात लागला.

बदाम! मामाजी, तुम्हीसुद्धा? भिंतीला यादी लावली आहे. यादीची आठवण राहावी म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे. चार दिवसांनी दोन्ही मला भिंतीच्या रंगासारख्या दिसू लागल्या. मोबाईलवर गजर लावते. तो वाजतो, मी बंद करते, आणि बंद केला म्हणजे काम झालं असं माझं डोकं समजून बसतं. पहाटे उठते. पहाटे उठून कपाट आवरायला घेते आणि शाळेला उशिरा पोचते.

बाईंनी गोळीआधी रक्तदाब मोजून हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून आणायला सांगितली होती. काढली. हरवू नये म्हणून इतकी जपून ठेवली की अजून सापडली नाही. दुसऱ्यांदा काढली, तर नागपूरची तारीख चुकली. आता तुम्हीच सांगा, गोळी घ्यायची की नाही हे ठरवायला जेवढी कामं नीट करावी लागतात, तेवढी मला नीट जमली असती तर गोळीची गरजच कायले पडली असती?

यांचं वेगळंच चाललं आहे. यांचा मित्र हिमांशू औषधाच्या दुकानात बसतो. त्यानं सांगितलं की ही गोळी गोंदियात सहसा कोणी ठेवत नाही आणि खऱ्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत. झालं. कडक कायद्याची म्हणजे नशेचीच, असं यांनी ठरवून टाकलं. मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या की गैरवापर होऊ शकतो म्हणूनच कायदा कडक आहे. सांगितल्याप्रमाणे, थोड्या प्रमाणापासून, तपासत घ्यायची, मानवली नाही तर बंद करायची. हे मी घरी येऊन सांगितलं. पण ते सांगता सांगता दूध उतू गेलं आणि बोलणं दुधावर गेलं. आईला वाटतं प्रेरणाच्या लग्नात कोणी हे उकरून काढेल. प्रेरणा तिसरीत आहे!

आणि खरं सांगू? मलाही भीती वाटते. सगळे मला ओळखतात ते माझ्या बडबडीमुळे. वर्गात पोरं माझ्या तासाला खिडकीबाहेर पाहत नाहीत. मंडईत मी पुस्तकात नसलेलं बोलते आणि टाळ्या पडतात. गोळीनं तेच गेलं तर उरेल ती कोण बाई?

तुम्ही लिहून देणार नसाल तर नका देऊ. पण माझं उणं काढायचं नाही म्हणून मला एकटी सोडली, एवढं ध्यानात ठेवा.

मंडईला येईन. रागावली आहे, तरी नमस्कार खराच आहे.

चेतना

*

सालेकसा,
ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. चेतना हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही. लिहायचो, फाडायचो. तुझी मामी म्हणाली, कापड फुकट घालवत नाही तो माणूस कागद फाडून राहिला.

आता नाटक झालं, तेव्हा लिहितो. गावात अजून तुझंच नाव आहे. दुसऱ्या अंकात सुनेला घराबाहेर काढायच्या जागी तू थांबलीस, लोकांकडे वळलीस आणि गावातल्या बंद दिव्यांवरून सरपंचाला झाडलंस. सरपंच स्वतः उठून टाळ्या वाजवत होता. तुझी आई पहिल्या रांगेत बसून शेजारणींना सांगत होती म्हणे की पाहा, हिच्यात काय कमी आहे.

पण मी पहिल्या रांगेत नव्हतो. मी पडद्याआड पुस्तक धरून बसलो होतो. तुझं पहिलं नाटक झालं तेव्हापासून माझी जागा तीच. लोकांना तुझा चेहरा दिसतो, मला तुझी पाठ दिसते. तुझा एक हात मागे होता आणि पदराचा पीळ बोटांना असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. मी ओळ दिली. पुन्हा दिली. तू वळून पाहिलंस, थेट माझ्या तोंडाकडे, आणि तरी ओळ तुझ्यापर्यंत पोचली नाही. सरपंच तुला सुचला नव्हता, बेटा. बुडणाऱ्यानं हाताला लागेल ते धरावं तसा तू त्याला धरला होता. आत आलीस आणि पोत्यावर बसून मला विचारलंस, "मामाजी, मी कुठे आहे?" टाळ्या चालूच होत्या.

त्यानंतर मी कंपासपेटी आठवली. इतकी वर्षं मी ती गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगत आलो. पण तुझ्या वर्गात पोरं पुष्कळ होती. अंगावरची एकूणएक वस्तू शिवून द्यावी लागली अशी तू एकटीच. बटणं आणायला पाठवलं की बटणांशिवाय परत यायचीस आणि रस्त्यात दिसलेल्या कुत्रीची सगळी हकिकत सांगायचीस. पाढा येत असून मधेच सुटायचा. मग माझ्या मशीनखाली जाऊन कोणाला दिसणार नाही असं रडायचीस. हे मला दिसायचं. मी चिंध्या देऊन तुला खेळायला लावायचो.

हे सगळं मी तुझ्या डॉक्टरीणबाईंना लिहिलं आहे. सोबत पाठवतो. शुद्धलेखन तूच नीट कर, मास्तरीण आहेस. मात्र मजकुराला हात लावू नको. सुशिलाबाईलाही मी बोललो. तिनं मला घरातून जायला सांगितलं, चहा पाजून.

गोळी घे असं मी म्हणत नाही, घेऊ नको असंही नाही. त्यातलं मला कळत नाही. पण बडबड जाईल म्हणून घाबरतेस, तर त्या बडबडीखाली काय होतं ते मी पाहिलं आहे. आणि एकटी सोडली असं पुन्हा लिहू नको. गावच्या नाटकात पडद्याआड मामा आहे. तिकडे गोंदियाला कोण आहे, याचीच मला चिंता लागून राहते.

नागपूरला यायचं असेल तर मी सोबत येतो. मामाकडचा हक्क सैल सोडू नको, ओढून घे.

तुझा मामा,
शालीकराम

*

गोंदिया,
ता. ९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामाजींस,
कृ. सा. न. वि. वि.

गोंदियाला कोण आहे, असं तुम्ही विचारलंत. त्याचंच उत्तर लिहायला बसली आहे.

गोंदियाला प्रेरणा आहे. सकाळी शाळेत निघताना ती दारातून परत फिरते आणि गॅस बंद आहे का पाहते. माझा चष्मा पाहते. माझ्या किल्लीला तिनं आपली केसांची रिबीन बांधून पर्सच्या बंदाला गाठ मारली आहे. तिला हे कोणी शिकवलं नाही. मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होती की माझी पोरगी किती समजदार.

आठ वर्षांच्या लेकराला पडद्याआड बसवून मी नाटक करून राहिली आहे, मामाजी. तुमचं वय होतं. तिचं नाही.

माझं ठरलं. रात्री यांना विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले की मग मनासारखं कर, आणि कूस बदलली. शनिवारची तारीख घेतली आहे. तुम्ही स्टेशनवर या. तुमचं पत्र आणि हृदयाची पट्टी दोन्ही तुमच्याच खिशात ठेवायची आहेत.

(आज २१ डिसेंबर. हे पान मी त्या दिवशी टपालपेटीत टाकलंच नव्हतं. फोनवर मामीजींना फक्त शनिवारची गाडी सांगितली होती. तुम्ही स्टेशनवर भेटलात म्हणून मला वाटलं पत्रही पाठवलं.)

तर आता पुढचं. कोणाला वाटेल की गोळी घेतली आणि दिवा लागला. तसं काही नाही. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं, दुपारी भूक नाही, संध्याकाळी सगळ्यांवर चिडचिड. बाईंनी प्रमाण बदललं. आता जरा बरं आहे. दुकानात दर महिन्याला आधीपासून सांगून ठेवावं लागतं आणि काऊंटरवरचा पोरगा चिठ्ठी उलटीपालटी करून पाहतो, तेव्हा माझे कान तापतात. हे अजून नीट बोलत नाहीत. पण परवा माझी गोळी आणायला दुकानात स्वतः जाऊन आले. या वेळी चाचणीचे पेपर वेळेत तपासून दिले. मफलर मात्र हरवला.

फरक एवढाच की वर्गात एक मुलगी प्रश्न विचारत होती आणि मला तिचाच आवाज ऐकू आला. बाहेरचा पंप, पंखा, शेजारच्या वर्गातले पाढे, सगळे आपापल्या जागी होते. मी तिचं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग उत्तर दिलं. बडबड अजून आहे. मंडईत काय होईल ते पुढच्या वर्षी पाहू.

काल सकाळी प्रेरणा शाळेत निघाली. मी ओट्याशी उभी होती. ती चप्पल घालून सरळ गेली. मी वाट पाहिली. ती गॅस पाहायला परत आली नाही. आणि तिची पाण्याची बाटली ओट्यावरच राहिली होती. बाटली घेऊन मी गाऊनवरच चौकापर्यंत पळाली. यांना हसू आलं, खूप दिवसांनी. लेकरू विसरलं होतं, मामाजी. आठ वर्षांच्या लेकरानं विसरावं तेवढंच.

मामीजींना हे पत्र वाचायला दिलं तरी चालेल. तुमचा लोभ मला गोळीइतकाच रोज लागतो, त्यात खंड पडू देऊ नका.

तुमची,
चेतना

ता. क. बाटली दप्तराला शिवून द्यायला निघू नका. राहू द्या.