साहेबांचं पाणी

रविवार, ३ मार्च
लेक आज तिचा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, इथे ठेवून गेली. उभा जाळीचा पिंजरा, आत खऱ्या पानांची कुंडी, पानांत वीतभर हिरवा प्राणी. एक डोळा माझ्यावर, दुसरा खिडकीबाहेर. आमचे रीजनल मॅनेजर मीटिंगमध्ये असेच बघतात. मी त्याला साहेब म्हणायचं ठरवलं.
तिच्या आईच्या नव्या फ्लॅटमध्ये याला जागा नाही म्हणे. लेक दर रविवारी त्याला भेटायला येणार. बायको सप्टेंबरपासून तिकडे राहतेय, पण हे लक्षण चांगलं आहे. परत यायचं नसेल तर कोण सामान ठेवून जाईल?
लेकीने पाण्याबद्दल बरंच काही सांगितलं. मी मान डोलावली. पाणी पाजायला काय ट्रेनिंग लागतं!

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७
काचेचा चांगला बाऊल भरून ठेवला. साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

बुधवार, ६ मार्च
बाऊल तसाच. लाजत असेल म्हणून दहा मिनिटं पाठ करून उभा राहिलो. ऑफिसला उशीर. प्राणी शिष्ट आहे.

गुरुवार, ७ मार्च
लेकीला सहज फोन केला. तिने विचारलं, बाबा, पानांवर पाणी मारतोस ना? मी म्हटलं, म्हणजे काय! फोन ठेवून नेटवर वाचलं. या प्राण्याला साचलेलं पाणी हे पाणी आहे हेच कळत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तेवढे तो चाटतो. म्हणजे चार दिवस तो तहानलेला होता आणि मी त्याला शिष्ट म्हणत होतो.
संकल्प: सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं स्प्रे. खाडा नाही.

शुक्रवार, ८ मार्च
७.१० ला सुरुवात. ७.१२ ला कस्टमरचा फोन, झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकलाय. दोन मिनिटंही पुष्कळ झाली. संध्याकाळी राहिलं. उद्यापासून नक्की.

रविवार, १० मार्च
लेक आली. चौदा वर्षांची, पण स्प्रे मारताना अगदी तिच्या आईसारखी उभी राहते. हळू आवाजात त्याच्याशी बोलत होती, शाळेचं, मैत्रिणीचं. साहेब पान चाटत होते. मी दारात उभा राहून ऐकलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन तास दहा मिनिटं थांबली. जाताना थँक यू म्हणाली. बहुतेक मला.

मंगळवार, १२ मार्च
आयडिया! जुन्या मशीनची मोटर, टायमर, बारीक नळी, वर पाण्याची बाटली. दिवसातून सहा वेळा पानांवर थेंब. एकवीस वर्षं मशिनं दुरुस्त करतोय, एका सरड्याला पाणी पाजता येणार नाही?

गुरुवार, १४ मार्च
चालतंय! बायकोला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, बरं. तिचं 'बरं' मी ओळखतो. यात कौतुक होतं.

रविवार, १७ मार्च
लेकीचा क्लास. आली नाही. उद्यापासून मला तीन दिवस ऑफिसची टूर. लेकीला एकदा येऊन बघ म्हणणार होतो, पण मग तिला वाटेल बाबाला जमत नाही. मशीन आहेच.

गुरुवार, २१ मार्च
सकाळी परतलो. नळीच्या तोंडाशी पाण्याचा पांढरा क्षार घट्ट बसलेला. बाटली भरलेली. पानं कोरडी. साहेबांचे डोळे आत गेलेले.
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवस पाणी नव्हतं? मी म्हटलं, एक. त्या नुसत्या बघत राहिल्या. मी म्हटलं, तीन. त्यांनी इंजेक्शनने पाणी दिलं, म्हणाल्या, घरी थेंब-थेंब देत राहा, पण उशीर झालाय.
रजा टाकली. बायकोच्या ऑपरेशनलाही मी अर्धाच दिवस घेतला होता. ड्रॉपर घेऊन पिंजऱ्याशी बसलो. पानावर थेंब, मग वाट बघायची. अकराव्या थेंबाला त्याने तोंड उघडलं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

शुक्रवार, २२ मार्च
दुपारी अडीचला गेला. थेंब पानावर तसाच राहिला.

शनिवार, २३ मार्च
परवा लेक येणार. चुकलं. उद्याच.
दुकानात गेलो. तसाच एक होता. दुकानदाराला विचारलं, दोन शॅमेलिऑनमधला फरक ओळखू येतो का? तो म्हणाला, ज्याचा असतो त्याला येतो. मी म्हटलं, रंग तर बदलतातच. घेऊन आलो.

रविवार, २४ मार्च
लेकीने पिंजऱ्याकडे मिनिटभर पाहिलं. स्प्रे उचलला आणि नव्याला पूर्ण पाच मिनिटं पाणी दिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, तो कधी गेला?
मी सगळं सांगितलं. टूर, नळी, ड्रॉपर. हेही सांगितलं की कळलं तर तू येणार नाहीस म्हणून लपवलं. ती रडली. म्हणाली, बाबा, तुला जमत नाही एवढंच सांगायचं होतंस. शाळा सुटल्यावर मी रोज आले असते.
रोज.
तिने आईला फोन केला. दुसऱ्या खोलीत बराच वेळ बोलली. बाहेर येऊन म्हणाली, आई हो म्हणालीय, याला मी नेते. पिंजरा मीच खाली नेऊन टॅक्सीत ठेवला.

रविवार, ३१ मार्च
सकाळी लेकीचा फोन. नवा छान पाणी पितोय. मी विचारलं, बघायला येऊ? ती म्हणाली, आईला विचारून सांगते. मी म्हटलं, सावकाश विचार, मला काही घाई नाही.
चार वाजता इस्त्रीचा शर्ट घातला. सात वाजता काढून हँगरला लावला. फारसा चुरगळला नव्हता.