डिंकाचा दोष नव्हता

आई, तुझ्यावर ठेवलेला एक आरोप खोटा होता, असे म्हणण्याइतका आधार आता हाती आला आहे. आरोप ठेवणारी आत्या गेली, तो मुकाट्याने मान्य करणारी तू गेलीस, आणि ज्याच्यावरून तो ठेवला गेला तो माझा धाकटा भाऊ तर बारशाआधीच गेला होता. निकाल ऐकायला पक्षकारांपैकी कोणी उरलेले नाही. तरीही मांडणी करते आहे. आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवल्यावर अर्धवट राहिलेला युक्तिवाद तसाच सोडून देणे मला जमत नाही.

ठाकुर्लीची आपली खोली. तू बाजेवर, बाजेखाली शेगडी, आणि मी पत्र्याच्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसलेली. तान्ह्याला नवे कपडे घालायचे नाहीत, आधीच्या धडधाकट मुलाचे जुने घालायचे, ही तुझ्या माहेरची रीत. ते धडधाकट मूल म्हणजे मी, याचा मला मोठाच अभिमान होता. तू सांगशील तशी मी माझीच झबली, माझी कुंची, तुझ्या जुन्या लुगड्याची दुपटी एकेक करून काढते, आणि प्रत्येक घडीतून डांबराची पांढरी गोळी टपकन जमिनीवर पडते. कसर लागू नये म्हणून तू त्या इतक्या निगुतीने ठेवल्या होत्यास की एकाही कपड्याला भोक नव्हते. तो वास मला फार आवडायचा. बाळाला कुंची घातल्यावर मी तिला नाक लावून बसते, आणि तू हसून म्हणतेस, "अगं, त्याला श्वास तरी घेऊ दे!"

थोड्याच दिवसांत बाळ हळदीसारखे पिवळे झाले. लंगोटांवर काळा चहा सांडल्यासारखे डाग पडू लागले. डॉक्टरांनी कोवळ्या उन्हात धरायला सांगितले, तू धरलेस, आणि तो गेला. तुझ्या बाळंतपणासाठी कोकणातून आलेली आत्या त्याच संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, शंभरदा सांगितलं होतं, डिंक उष्ण असतो. लाडवावर लाडू खाल्लेस. दूध तापलं आणि पोराला कावीळ झाली." बाबा म्हणाले, "ताई, पुरे." "पुरे काय? खरं ते बोलू नये का माणसानं?" तू बाजेखालचा लाडवांचा डबा ओढलास आणि तिच्या हातात दिलास. त्या डब्याला मी कबुलीजबाब समजत आले. तूही तसेच समजत असावीस.

त्यानंतर आपल्या घरात डिंक आला नाही. डोंबिवलीला माझे बाळंतपण तू केलेस तेव्हा मी एकदा चिडून विचारले होते, "सगळ्यांच्या आया लाडू देतात. तू रोज मऊभातच काय वाढतेस?" "तुला पचायचे नाहीत." "हे काय कारण झालं?" "कारणं कॉलेजात विचार. इथं जेव." माझी मुलगी त्याच ट्रंकेतल्या त्याच कपड्यांत वाढली आणि तिला काही झाले नाही. यावरून तू मनाशी काय निष्कर्ष काढलास, हे सांगायला तर्कशास्त्र लागत नाही. डिंक दिला नाही, म्हणून मूल वाचले. तुझ्या दृष्टीने आत्याचे म्हणणे तिथे दुसऱ्यांदा खरे ठरले, आणि ते तूच खरे ठरवलेस.

यंदा माझ्या मुलीला कल्याणच्या इस्पितळात मुलगा झाला. त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासले, आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावले. रक्तातल्या तांबड्या पेशींचे ऑक्सिडीकरणापासून आणि काही रसायनांच्या विषारी परिणामांपासून रक्षण करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते कसे घडवायचे हे एका जनुकात लिहिलेले असते, आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईजवळ त्याच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी बहुधा सांभाळून घेते. मुलग्याजवळ एकच असते, आईकडून आलेली. या बाळाची ती प्रत सदोष आहे. एरवी तो इतरांसारखाच वाढेल, मात्र काही औषधे आणि काही वस्तू त्याच्यापासून दूर ठेवायच्या. मग त्यांनी विचारले, "घरात डांबराच्या गोळ्या वापरता का?" मी त्यांना भावाच्या लंगोटांवरच्या डागांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, त्या गोळ्यांच्या वाफेने पेशी फुटल्या की लघवीचा रंग तसाच होतो.

मी माझीही तपासणी करून घेतली. माझ्या दोन प्रतींपैकी एक सदोष निघाली. हिवतापावरच्या ज्या गोळ्या असे जनुक असलेल्या पुरुषाला सहसा सोसत नाहीत, त्या बाबांना काही त्रास न होता सोसल्या होत्या. तेव्हा ती प्रत मला तुझ्याकडून आली असावी. भावाची तपासणी कोणी केलेली नाही, म्हणून 'सिद्ध' हा शब्द मी वापरत नाही. 'अत्यंत संभाव्य' एवढेच म्हणते. डिंकाचा आणि तुझ्या दुधाचा त्यात काही संबंध दिसत नाही.

इथे थांबता आले असते. पण बाळाला घेऊन आम्ही घरी आलो आणि दिवा गावाहून विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई, त्याला बघायला आल्या. त्यांच्या हातातल्या पिशवीचा वास त्यांच्याआधी घरात शिरला. जावयाची लहानपणीची झबली त्यांनी जपून ठेवली होती. मी ती घालायला नको म्हणाले.

"आवो ताई, या कापडांत माझी चार पोरं वाढली. एकाला तरी काय झालाय?"

"चौघांना काही झालं नाही, यावरून पाचव्याला होणार नाही हे सिद्ध होत नाही."

"सिद्ध? मी बाळाला बघायला आले ताई, परीक्षेला नाय!"

मुलगी हसली. मग तिनेच सासूला जनुकाचे सगळे नीट सांगितले. विहीणबाईंनी ते लक्ष देऊन ऐकले, पिशवीला गाठ मारून ती दाराबाहेर नेऊन ठेवली आणि आत येता येता म्हणाल्या, "उद्या नवीनच आणते. म्हणजे कापडाचा दोष नाय, रक्ताचा हाय. तुमच्याकडचा."

"जनुक आमच्याकडचं आहे. दोष कोणाचाच नाही," मी म्हणाले.

माझे उत्तर बरोबर होते. दोष ठरायला माहिती हवी आणि दुसरा मार्ग उपलब्ध हवा. तुझ्याजवळ दोन्ही नव्हते. कार्यकारणसंबंध दाखवला म्हणजे अपराध दाखवला असे होत नाही, हे मी दरवर्षी पहिल्याच सत्रात शिकवत असे. पण विहीणबाईंचे वाक्य कानावर पडले तेव्हा मला कळले की ज्या युक्तिवादाने डिंक सुटतो, त्यानेच तू दुप्पट अडकतेस. जनुक तुझे, आणि गोळ्याही तूच घातलेल्या, प्रत्येक घडीत, काळजीने. माझा कार्यकारण आणि अपराध यांतला भेद तू शांतपणे ऐकून घेतला असतास, जेवायला वाढले असतेस, आणि त्यातल्या या दोनच गोष्टी उरलेले आयुष्य बाळगल्या असत्यास. निदान आत्याचा आरोप तुला डबा देऊन टाकण्याइतका तरी सोपा होता.

विहीणबाई गेल्यावर मुलीने विचारले, "आजी असती तर तिला हे सांगितलं असतंस?"

"अर्थात," मी म्हणाले. "खरं आहे ते सांगायलाच हवं."

ते उत्तर चूक होते. तू असतीस तर डिंकाचा दोष नव्हता एवढेच मी सांगितले असते, आणि पुढे तू काही विचारण्याआधी विषय बदलला असता.