खाली उरलेला थर

३ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. टेबल खिडकीपाशी, आणि प्रयोगशाळेच्या बाई वाटल्या तेवढ्या खडूस नाहीत. काम गमतीचं आहे. एकाच पदार्थाचे डावे आणि उजवे रेणू, हुबेहूब, पण आरशातल्यासारखे उलटे, ते वेगळे करायचे. तोटीच्या काचेच्या नरसाळ्यात पाणी आणि तेलकट द्राव घालून ते हलवायचे. तेलात एक पदार्थ मिसळलेला असतो, तो उजव्यांनाच धरून वर ओढतो. डावे खाली पाण्यात उरतात, ते तोटीतून सोडून द्यायचे. एका खेपेत थोडेच वर जातात, म्हणून पुन्हा पुन्हा हलवायचं. थर ओळखायला वास घ्यायचा नाही, असं बाईंनी दोनदा बजावलं. पण मी अत्तराच्या कारखान्यातला माणूस, नाकावरच पोट चालवलेलं. त्यांची पाठ वळताच हुंगलं. वरचा थर शहाजिऱ्याचा, खालचा पुदिन्याचा! घरी लेकीला, आमच्या ठमीला, सांगितलं तर तिलाही हुंगायचंय.

६ तारीख
सवय जाता जात नाही, रोज हुंगतोच. ठमीच्या केसांना आज भलताच वास आला. बायको म्हणते, नाक दाखवून ये कुणाला तरी. जेवतो भरपूर, पण अंगी लागत नाही.

११ तारीख
बायकोने विचारलं, दुपारी येऊन ठमीला गोष्ट सांगून परत का गेलास. मी टेबलावरून हललो नव्हतो. घाबरून बाईंना हुंगल्याचं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्याच. म्हणाल्या, आधीचा माणूसही हुंगायचा. त्याचं काय झालं, विचारलं. घरी सुखात आहे, म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, जो वर गेला, तो.

१३ तारीख
नोकरी सोडली. नरसाळ्याला हात नाही लावला. तरी अंग हिंदकळतंय, आणि दर वेळी मी थोडा कमी— ठमी मला बघून आईमागे लपली. काळजात कळ आली. उजवीकडे.
मला काही नको, फक्त ठमी हवी.

१४
दाराबाहेर. किल्ली उलटी फिरते, कुलूप उघडत नाही. आत जेवणं चालली आहेत. ठमी हसतेय— दार वाजवलं. ती विचारतेय, बाबा, बाहेर कोण आहे? माझाच आवाज सांगतोय, कुणी नाही गं.
पावलं येताहेत. दार उघडलं. थेट माझ्याकडे बघतेय— ठमे, अगं मी—
म्हणाली, खरंच बाबा, कुणीच ना