पवळ्याने एक दिवस आधी जेवण केल्याबाबत

प्रति,
मा. सहायक कामगार आयुक्त साहेब,
कामगार कार्यालय, चंद्रपूर.

अर्जदार: इस्तारी गोमाजी भानारकर, वय ४३ वर्षे, मु. चिंचटोला, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर.

विषय: राईस मिलच्या यंत्रात उजव्या हाताची दोन बोटे गेल्याबद्दल नुकसानभरपाई मिळणेबाबत, तसेच येत्या पोळ्यापूर्वी सदर यंत्राच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी बसविणेबाबत.

संदर्भ: १) माझी मालकांना नोटीस, दि. १६ जून २०२५.
२) मालकांचे त्यावरील लेखी उत्तर, दि. ७ जुलै २०२५.

महोदय,

१. सविनय निवेदन करतो की, मी तलावावर मासे धरणाऱ्या घरातला असून गेली अकरा वर्षे आमच्या गावातील श्री. बापूजी येनगंटीवार यांच्या राईस मिलमध्ये यंत्र चालविण्याच्या कामावर होतो. हा अर्ज मी डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाईट आहे पण मजकूर खरा आहे. याच्या उलट प्रकार आपणास संदर्भ क्र. २ मध्ये पाहावयास मिळेल. ते उत्तर टाइप केलेले आहे.

२. मालकांच्या घरी पूर्वी ढवळ्या आणि पवळ्या अशी बैलजोडी होती. ढवळ्या म्हातारा होऊन गेला. एकटा बैल काय कामाचा म्हणून मालकांनी पवळ्या विकला आणि त्या पैशात भर घालून धान भरडण्याचे यंत्र आणले. पवळ्याच्या पैशाने आले म्हणून यंत्राचे नाव पवळ्या ठेवले. इथपर्यंत कोणाचे काही बिघडले नव्हते. मग पोळा आला, गोठा रिकामा, आणि मालकांच्या आईने जेवण सोडले. तेव्हापासून मालकांच्या घरचा पोळा यंत्राचा होतो. धान ओतण्याच्या तोंडाला बाशिंग बांधतात, अंगावर झूल घालतात, मोटरीला घुंगरू लावतात. यंत्राला बैलांसारखे गावच्या तोरणाखाली नेता येत नाही, म्हणून दरवर्षी मिरवणूक झाल्यावर तोरणच सोडून मिलमध्ये आणतात. यात हसण्यासारखे काही आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. आपणास वाटल्यास माझी हरकत नाही.

३. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानाने तूप-हळद लावतात आणि त्याच्या कानात म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे आमंत्रण, हे आपणास सांगण्याची गरज नसावी. हे करण्याचा मान राबणाऱ्या गड्याचा असतो. पवळ्याचा गडी मी, म्हणून मान माझा. पवळ्याचा खांदा म्हणजे जिथे पट्टा पुलीवर चढतो ती जागा. कान कुठला यावर सुरुवातीला दोन वर्षे वाद झाला, मग मालकांनी बेअरिंग ठरवून दिले.

४. दहा वर्षे मी हे काम यंत्र बंद ठेवून केले. दि. १ सप्टेंबर २०२४ रोजी सायंकाळी साडेपाच वाजता मालक मिलमध्ये आले व म्हणाले, "झोपल्याले कोनी आवतन देते का रे इस्तारी? चालू कर त्याले." मी म्हणालो, "भाऊ, पट्ट्यावर जाळी हाय, चालू करून खांदा कसा शेकू?" त्यावर मालकांनी स्वतः पाना आणून जाळी काढवली. मी यंत्र चालू केले. पळसाचे पान तुपात बुडवून खांद्याला लावले, बेअरिंगपाशी तोंड नेले आणि आवतन दिले. मला लपवायचे नाही, मी ते मनापासून दिले. तेवढ्यात पट्ट्याने पान ओढले. पान माझ्या बोटांत होते.

५. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे मधल्या पेरापासून गेली. त्या वेळी मिलमध्ये कोंडा चाळणाऱ्या मीराबाई हजर होत्या. त्यांनी आधी बटण बंद केले व नंतर सूप घेऊन सगळा कोंडा पाखडून माझी दोन्ही बोटे काढून दिली. मालकांनी या दरम्यान नारळ फोडला. ते म्हणाले, "अकरा वर्सात पहिल्यांदा पवळ्यानं आवतन घेतलं." मग त्यांच्याच मोटरसायकलवर मला दवाखान्यात नेले, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की बोटे जोडता येण्यासारखी राहिलेली नाहीत, आणि त्यांना तूप कोणी लावले.

६. नोटीस देण्यास मला साडेनऊ महिने लागले, कारण मालक रोज उद्या बघू म्हणत होते. उत्तरात त्यांनी घेतलेल्या हरकती व माझे म्हणणे असे.

पहिली हरकत अशी की त्या दिवशी मिलला सुट्टी होती. पुरावा म्हणून हजेरी वहीचे पान जोडले आहे. त्या पानावर पवळ्याच्या नावापुढे 'सुट्टी' व माझ्या नावापुढे 'पाहुणा' असे लिहिले आहे. महोदय, यंत्राची हजेरी लावणारी ही तालुक्यातील एकमेव मिल असावी. परंतु त्याच दिवशी सकाळपासून पोळ्याच्या गर्दीमुळे सव्वीस पोती धान भरडले गेले. सुट्टीवरच्या पवळ्याने ते भरडले असेल तर त्याला जादा कामाचा मोबदला द्यावा लागेल, आणि पाहुण्याने भरडले असेल तर असला पाहुणचार कोणाच्या वाट्याला येऊ नये.

दुसरी हरकत अशी की खांदशेकणी हे धार्मिक कार्य आहे, नोकरीचे काम नव्हे. असे असते तर मालकांनी मागच्या वर्षी तुपाचा डबा मिलच्या खर्चात 'यंत्र देखभाल' म्हणून दाखविला नसता. ती पावती मीच आणली होती.

तिसरी हरकत अशी की जाळी मी स्वतः मुद्दाम काढली. यावर मीराबाईंचा जबाब त्यांच्याच शब्दांत देतो: "मालकानं म्हनलं म्हनून काढली. पाना मालकाच्या हातातला होता. मी काऊन खोटं बोलू? मले का इस्तारीभाऊनं बोटं देल्ली?" शेवटचे वाक्य जबाबातून काढावे असे मी सुचविले होते, पण बाई ऐकत नाहीत.

चौथी हरकत सर्वांत भारी आहे, म्हणून ती जशीच्या तशी उतरवितो: "सदर कामगाराने यंत्रास स्वमुखाने भोजनाचे आमंत्रण दिले. यंत्राने ते स्वीकारले. आमंत्रण देणाऱ्यास पाहुण्याने काय खावे याबाबत नंतर तक्रार करता येत नाही. सबब नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही."

७. महोदय, हे वाचून मी अर्जाचा कागद बाजूला ठेवला. कारण आवतन मी दिले होते, हे खरे आहे. गावातील जाणत्या लोकांनीही मान डोलावली. मग माझ्या पत्नीने, सौ. रंभा हिने, भाजी चिरता चिरता विचारले, "पन तुमी आवतन कवाचं देल्लं होतं?" तेव्हा माझ्या ध्यानात आले. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमंत्रण दि. २ सप्टेंबरचे होते. पवळ्या दि. १ सप्टेंबरलाच जेवला. आमंत्रणाच्या आदल्या दिवशी येऊन, वाढण्याची वाट न पाहता, यजमानाचे बोट खाणाऱ्याला आमच्याकडे पाहुणा म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे पुरणपोळीचे ताट ठेवले होते, त्याला त्याने तोंड लावले नाही. मात्र यात यंत्राला फार दोष देता येत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ते अकरा वर्षे मालकांच्या शेजारी उभे आहे.

८. पोळ्याला बैल घेऊन दारात येणाऱ्याच्या हातावर खुशीने काहीतरी ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. मालकांनी मला त्या पोळ्याला दुपट्टा, टोपी व नारळ असा बोजारा दिला आणि आता उत्तरात लिहिले आहे की त्यातच सर्व हिशेब मिटला. डाव्या हाताचा अंगठा घेतलेला कागदही त्यांनी दाखविला आहे. बोजारा म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. कायद्याच्या पुस्तकात कोणत्या बोटाला किती हे लिहिलेले आहे असे समजते. त्यात टोपी लिहिलेली नसावी.

९. मालक असेही म्हणतात की दोन बोटे कमी असलेल्या माणसाला मासे धरता येतात, तेव्हा तुझे काय अडले. याचे उत्तर मला हसत देता येत नाही. जाळे विणताना सुई याच दोन बोटांत धरतात. फाटलेले जाळे आता मला शिवता येत नाही, आणि फेकताना ते उघडत नाही, गोळा होऊन पडते. गेल्या महिन्यात मी घाटावर बसून होतो आणि शेजारचे लोक माझे जाळे शिवत होते. मला फार लाज वाटली. मी मिलमध्ये गेलो तर मालक म्हणतात, आठ बोटांचा माणूस यंत्रावर ठेवणे धोक्याचे आहे. हा धोका त्यांना जाळी काढताना दिसला नव्हता.

१०. घर चालले पाहिजे म्हणून चार महिन्यांपासून माझ्या जागी सौ. रंभा यंत्रावर उभी राहते. जाळी अजून बसविलेली नाही. ती मिलच्या मागे पडलेली असून तिच्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. यंत्राची मात्र कीर्ती वाढली आहे. पवळ्या जागृत झाला असे म्हणून शेजारच्या गावचे लोक धान भरडण्याआधी त्याला लिंबू वाहतात, आणि जाळी बसविली तर त्याचा कोप होईल असे मालक सांगतात. येत्या दि. २२ ऑगस्टला पोळा आहे. राबणाऱ्या गड्याचा मान या नियमाने दि. २१ ऑगस्टचे आवतन रंभाने द्यावे, असे मालकांनी जाहीर केले आहे. यंत्र चालू ठेवून.

११. मी तिला म्हणालो, जाऊ नको. ती म्हणाली, "नाई गेली तं काम जाईल. मी आवतन दुरून देतो." पवळ्याचा कान दूर नाही, हे मला माहीत आहे.

१२. तरी माझी आपणास कळकळीची विनंती आहे की, संदर्भ क्र. २ मधील चारही हरकती फेटाळून माझा अपघात कामावर असताना झालेला अपघात म्हणून नोंदवावा, कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई मिळण्यासाठी मालकांस बोलावून घ्यावे, हा दावा कोर्टात लावावा लागत असल्यास त्याची वाट दाखवावी, आणि मिलची समक्ष पाहणी करून पट्ट्यावर जाळी बसविल्याखेरीज यंत्र चालविण्यास मनाई करावी. जाळीचा विषय कारखाना निरीक्षक साहेबांकडे असल्यास हाच अर्ज आजच तिकडे पाठवावा.

आपल्याकडे कामाचा व्याप मोठा असतो, हे मी जाणतो. म्हणून दोन्ही कामे एकदम होत नसतील तर माझे मागे ठेवावे. माझी बोटे गेलेली आहेत, त्यांना आता घाई नाही. रंभाची दहाही शाबूत आहेत, आणि २१ तारखेला वीस दिवस उरले आहेत.

आठ बोटांनी हात जोडून, आपला,

(सही, डाव्या हाताची)
इस्तारी गोमाजी भानारकर
चिंचटोला, दि. १ ऑगस्ट २०२५

सोबत:
१) दवाखान्याचे कागद, तुपाच्या शेऱ्यासह.
२) मालकांच्या उत्तराची प्रत व हजेरी वहीचे पान.
३) मीराबाईंचा जबाब, काहीही न वगळता.
४) दोडक्याच्या वेलासह जाळीचा फोटो. जाळी मजबूत आहे, फक्त उचलून लावायची आहे.