हेल्मिगांवर कुणाचा हक्क

९ नोव्हेंबर १९७८, गुरुवार
पोचले एकदाची अमेरिकेहून ओस्टरलोला! पणजोबा हिनरिक हेल्मिग १८५४ साली अंगावरच्या सदऱ्यानिशी हाकलले गेले, ते हेच गाव. हे शोधायला मला तीस वर्षं लागली. मिझुरीतल्या शाळेत शिकवून उरलेला सगळा वेळ कागद जमवण्यात गेला. बाप्तिस्मे, लग्नं, जहाजांच्या याद्या. त्या नादात माझं स्वतःचं लग्न राहून गेलं.

आजोबा दर नाताळात तीच कहाणी सांगायचे आणि शेवटी टेबलावर मूठ आपटायचे. गावानं हिनरिकला इतकं ओढलं की सदऱ्याचं चांदीचं बटणसुद्धा तुटून गेलं. जोडीतलं उरलेलं बटण माझ्या गळ्यात साखळीला आहे. त्यावर हंस कोरलाय. मी इथं पाया पडायला आलेली नाही. आमच्या चारशे एकरांचे फोटो ह्या लोकांना नाकावर टिच्चून दाखवायला आलेय.

उतरलेय टेब्बेबाईंकडे. सत्तरीच्या आहेत, एकट्याच राहतात. हेल्मिगांचं घर समोरच होतं म्हणे, आता तिथं नुसती खाजकुयली. जेवायला कुट्टूच्या पिठाची जाड धिरडी. मी आमच्या घरातली जुनी बोली बोलले तर त्या टाळी वाजवून हसल्या, “अगंबाई, ही तर थेट माझ्या आजीसारखी बोलते!” मग त्यांनी माझं बटण हातात घेतलं, बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं आणि आत निघून गेल्या.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबा ओनन यांना माझ्या सगळ्या कागदांच्या नकला दिल्या. तरणाताठा माणूस, पण एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता. यात काही शंका नाही ना, असं दोनदा विचारलंन. मी चिडलेच. म्हटलं, पिढीगणिक शिक्का आहे, बघा की नीट.

जुन्या काळी अमेरिकेला निघालेल्याचं नाव इथं तीन रविवार चर्चमध्ये वाचायचे, त्याच्यावर कुणाचा काही हक्क असेल तर पुढे या म्हणून. त्या नावांच्या वहीत हिनरिकचं नाव नाही. तो वाचन न होताच गेला, असं पाद्रीबाबा म्हणाले. मग हसून म्हणाले की तुमचं वाचू, रीत तरी पुरी होईल. मला मान दिल्यासारखं वाटलं. लगेच सही केली.

१२ नोव्हेंबर, रविवार
पहिलं वाचन. हिनरिक हेल्मिगची पणती ल्यूसिल अमेरिकेला निघते आहे, तिच्यावर कुणाचा हक्क असेल तर त्यानं पुढे यावं. ऐकून छाती फुगली. कुणीच उठलं नाही. पण सगळ्यांनी मागच्या दाराकडे माना वळवल्या आणि थांबले. फार वेळ थांबले.

नंतर फोटो दाखवले. कुणाला जरा म्हणून हेवा वाटला नाही, सगळी मेहनत फुकट! एका म्हाताऱ्यानं माझा गाल थोपटला, “आलीस ते बरं केलंस हो पोरी.”

१५ नोव्हेंबर, बुधवार
आज बटाटे सोलता सोलता टेब्बेबाईंनी सांगितलं. त्यांच्या आजोबांची बहीण तालेया, वय एकोणीस, पाच महिन्यांची पोटुशी. हिनरिकनं तिला अमेरिकेला न्यायचं वचन दिलं होतं. सकाळच्या धुक्यात गाठोडं घेऊन ती दलदलीच्या वाटेवर त्याला भेटायला गेली. तो जहाजावर पोचला. ती कुठंच पोचली नाही.

मी फणकारले, पुरावा काय? त्या शांतपणे म्हणाल्या, “नाही ना. ना प्रेत, ना साक्षीदार. आमच्याकडे काही नाही बाई. तुझ्याकडे मात्र ढीगभर आहे.”

मला राग आला. त्यांचा की आजोबांचा, ते कळेना.

१९ नोव्हेंबर, रविवार
दुसरं वाचन. मागचं दार आपोआप उघडलं. ओल्या चिखलाचा वास आला. मधल्या फरशीवर ओली, अनवाणी पावलं उमटत तिसऱ्या बाकापर्यंत आली. कुणी किंचाळलं नाही. बायकांनी कोट आवरून शेजारी जागा केली.

मी बाहेर पळाले.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
सामान घेऊन बसच्या थांब्यावर गेले. ड्रायव्हर टेब्बेबाईंचा भाचा निघाला. “अजून एक रविवार आहे ना बाई!” हसला, दार लावलंन, मला न घेताच गेला.

चालत निघाले. मोठ्या रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना दलदल. वळणावर डांबरावर ओली पावलं दिसली. बोटं माझ्याकडे. मी उभी राहिले तर एक पाऊल पुढे उमटलं. बॅग तिथंच टाकून, कागदांची पिशवी तेवढी घेऊन परत आले.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
पाद्रीबाबांना म्हटलं, माझं नाव काढा. तो अधिकार फक्त हक्क सांगणाराला, म्हणाले. म्हटलं, मी हेल्मिग नाहीच, कागद खोटे आहेत. त्यांनी फाइल काढून एकेक शिक्का दाखवला. “तीस वर्षांची मेहनत आहे बाई. अशी वाया नका घालवू.”

हिनरिकचा आला तितका राग आजवर कुणाचाच आला नव्हता. मेल्या, तुझं तू का नाही भोगलंस?

२६ नोव्हेंबर. मृतांचा रविवार
मी गेले नाही. टेब्बेबाई काळा पोशाख घालून गेल्या. जाताना टेबलावर दोन ताटं मांडली. आज तालेया घरी यायची आहे म्हणाल्या. मला तिसरं ताट नाही.

माझे सगळे कागद वरच्या खोलीतल्या शेगडीत घातले. जळत नाहीत. ओले आहेत—

घंटा थांबली. आता चर्चमध्ये आधी वर्षभरातल्या मृतांची नावं वाचतील. मग माझं.

खिडकीतून दिसतंय, लोक चर्चमधून बाहेर पडताहेत. टेब्बेबाईंचे हात हातात घेताहेत, लग्नघरात घेतात तसे. म्हणजे कुणीतरी पुढे आलं—

जिन्यावर पाणी ठिबकतंय.

मी लिहून ठेवते. हिनरिक माझा कुणी नव्हता. आजोबा खोटं बोलले. मी काय केलं? मी फक्त शोधत—

दारात आहे. लाल केस. दलदलीत मुरून कातडी काळ्या चहासारखी. बोलत नाही. माझ्या गळ्याकडे बघतेय—

मूठ पुढे केली. बोटं एकेक उघडताहेत. तळहातावर चांदी—

हंस. जोडीतला दुसरा. ओढलं ते गावानं नव्हे, हिनं, बुडताना—

आता तिनं माझी साखळी धर—